कुंताबाईच्या बैठकीची पेटी

मी एक जुनी, काळी काँप्युटरची पेटी आहे आणि कुणाच्या उपकारावर जगत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, राजुऱ्याच्या एका दुकानात मी नऊ वर्षं लोकांचे फॉर्म भरले. सातबारा, परीक्षा, पेन्शन, सगळं माझ्या पोटातून गेलं. नवी मशीन आली तशी दुकानदाराने माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवायला सुरुवात केली. तिथे कामाला असलेल्या रिंकूने मला मागून घेतलं आणि सिंदेवाहीजवळच्या आपल्या गावी आणलं.

रिंकूची माय कुंताबाई मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरची. मासे धरायचे बांबूचे सापळे विणण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. अडचण एकच. सापळ्याचा घसा, म्हणजे मासा आत जातो पण बाहेर येऊ शकत नाही तो अरुंद भाग, तिची सासू विणायची. सासू गेली, घसाही गेला. कुंताबाईच्या सापळ्यात मासे पाहुण्यांसारखे येत आणि जात. तलाव भरला की सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी पडतं आणि तिथेच सापळे लावतात. त्याआधी तिला घसा जमवायचाच होता.

मोठ्या ॲपवर रिंकूने सापळ्याचा फोटो टाकला. दोनशे लोकांनी बदाम पाठवले.

"बदाम काय चुलीत घालू?" कुंताबाई म्हणाली.

मग रिंकूला कळलं, की इंटरनेटवर अशीही जागा आहे जिला कोणी एक मालक नाही. ज्याची त्याची पेटी, त्या पेटीत एकाच आवडीच्या लोकांची गप्पांची बैठक, आणि सगळ्या पेट्या एकमेकींशी बोलतात. आधी तिने शोधून पाहिलं. मांजरांची बैठक होती, जुन्या कॅमेऱ्यांची होती, बांबूच्या सापळ्यांची नव्हती. म्हणून रिंकूने ती माझ्यात सुरू केली. चहाचे कप वाहणारी मी, एका बैठकीची यजमानीण झाले!

पण कुंताबाईने पहिलाच हुकूम सोडला, "बाहेरच्या पेट्याईले दार बंद कर. आपल्या तलावात दुसऱ्या गावचं जाळं पडत नाई."

दोन महिने माझ्यात तीनच माणसं होती. माय, लेक आणि शेजारचे केवळरामभाऊ. ते रोज सकाळी 'राम राम' लिहायचे आणि निघून जायचे. मी नुसती घरघरत बसले.

तलाव भरायला दोन हात उरले तेव्हा रिंकू चिडली.

"माय, तलाव भरला का पाणी खालच्या गावच्या तलावात जाते ना? तवा तू सलंगावर आडवी झोपतं का?"

"मले शिकवून राह्यली का?"

"मासा नेला तर कमी होते. बोलून काऊन कमी होईन?"

कुंताबाईने हातातली काडी सोलून खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उघड. पण नाव-गाव सांगूनच आत यायचं."

तिसऱ्या दिवशी कुरखेड्याकडच्या बुधरीबाईने बैठकीत टाकलेला सापळ्याचा फोटो पाहून आपला आवाज पाठवला. "अवो बाई, घशाच्या काड्या हिरव्याच बांधल्या काय? सुकल्या का ढिल्या पडतेत. आधी सुकव, मंग बांध. अन् टोकं आत झुकव."

कुंताबाईने तो तीनदा ऐकला. "मले माहीतच होतं," म्हणाली, आणि मुकाट्याने अख्खा घसा उसवला.

सलंगावरून पाणी पडलं त्या सकाळी सापळ्यात हातभर मरळ मासा शिरला, आणि आतच राहिला. कुंताबाईने फोटो काढायला लावला. खाली स्वतः, एकेक अक्षर शोधत लिहिलं: "घसा बुधरीबाईचा. इनला कुंतानं." एवढ्या मानी बाईने दुसरीचं नाव आधी लिहिलं! माझा पंखा क्षणभर अडखळला.

आज माझ्यात एकसष्ट जण नांदतात आणि भांडतातही. मित्रांनो, पंख्यातली धूळ महिन्यातून एकदा पुसा, एवढं मागायचा माझा हक्क आहे. पण धुळीने मी एकटी मरेन. बैठक मरते ती गप्प राहण्याने. तुमच्या आवडीची बैठक शोधा, नसली तर खुशाल सुरू करा. मात्र दारात कोणी नाव-गाव सांगून उभं राहिलं, तर त्याच दिवशी "या, बसा" म्हणा. तो वाट बघून परत गेला, तर त्याच्या झोळीत काय होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.