रक्त नेणारी निळी पेटी

मी एक निळी पेटी बोलतेय. पांढरं झाकण, आत चार बाजूंना बर्फाचे चार आइसपॅक आणि मधोमध वीतभर जागा. त्या जागेत जे ठेवाल ते थंड राखायचं, एवढंच माझं काम. स्वतःहून कुठे जाता येत नाही, कुणाला थांबवता येत नाही. कुणी उचललं तर जायचं, ठेवलं तर बसायचं.

माझी पहिली सात वर्षं गडचिरोलीकडच्या एका उपकेंद्रात गेली. तेव्हा माझ्यात लसी असायच्या. नर्सबाई मला खांद्याला लावून नाले ओलांडायच्या, पाड्यावर पोचल्या की मला मोहाच्या झाडाखाली ठेवायच्या. मला पाहिलं की लेकरं रडायची आणि आया त्यांना हसत पुढे करायच्या. लोक मला बघून पुढे येतात, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे माझा पट्टा तुटला, नव्या पेट्या आल्या आणि मी दोन पावसाळे एका गोदामात पालथी पडून राहिले.

तिथून मला बल्लारपूरला आणलं. रेल्वेलाइनच्या पलीकडे दोन खोल्यांचं एक केंद्र आहे. नशेसाठी सुई टोचून घेणारे लोक तिथे येतात. त्यांना नवी सुई मिळते, हातावरच्या जखमेला पट्टी होते आणि कुणी दटावत नाही. पुनमताई तिथल्या नर्स. लटारूभाऊ वस्त्यांमधून फिरून लोकांना घेऊन येतात. ते स्वतः नऊ वर्षं सुई घेत होते. त्यांनीच सायकलची जुनी ट्यूब कापून मला नवा पट्टा बांधला.

या लोकांना एक आजार होतो, हिपॅटायटिस सी. एकाची सुई दुसऱ्याने वापरली की तो रक्तातून पसरतो. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, आतल्या आत यकृत खराब होत राहतं. इकडे त्याला काळा पिलिया, म्हणजे काळी कावीळ म्हणतात. त्यावर गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, बहुतेकांचा आजार तीन महिन्यांत जातो. पण आधी रक्ताची पक्की तपासणी लागते. ती दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत होते. दर मंगळवारी ते रक्त माझ्यातून जातं.

इथे मला बघून कुणी पुढे येत नाही. बल्लारपूरच्या मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं, तरी ही माणसं पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतात. मनगटापर्यंत बटण लावलेलं. बाही वर करायची म्हटलं की आधी दाराकडे बघतात.

चैतू तसाच होता. चौतिसेक वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर कंत्राटी कामाला असताना पाठीवर पडला. कुणीतरी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, त्यावर तो कामावर जात राहिला. पुढे पाठ बरी झाली, पण इंजेक्शन सुटलं नाही. मग कामही गेलं. तो केंद्रात नवी सुई घ्यायला यायचा. तपासणीचं नाव काढलं की चप्पल घालायचा.

"दोन मिनिटाचं काम आहे रे," लटारूभाऊ म्हणायचे.

"मालूम करून काय करू, भाऊ? मालूम नाई तंवर बरा हाव मी."

"मलेबी होता तो आजार. तीन महिने गोळ्या खाल्ल्या. आता नाई."

"तुमी नशीबवान हा," चैतू म्हणायचा आणि निघून जायचा.

मग त्याचा जोडीदार सुकलू गेला. केंद्रात यायच्या आधी दोघं वर्षानुवर्षं एकाच सुईने घेत होते. सुकलूला रक्ताच्या उलट्या झाल्या आणि दोन दिवसांत सगळं संपलं. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच चैतू पायरीवर बसलेला होता.

पुनमताईंनी बोटातून थेंबभर रक्त घेतलं. तपासणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या. "याचा अर्थ आजार शरीरात शिरला होता," त्या म्हणाल्या. "अजून आहे की गेला, ते हातातलं रक्त तपासल्यावरच कळेल."

त्यांनी पट्टा बांधून नस शोधायला सुरुवात केली. डावा हात पाहिला, उजवा पाहिला. दोनदा सुई घातली, रक्त आलं नाही. चैतू खाली मान घालून बघत होता. मग हळूच म्हणाला, "ताई, तिथी नाई भेटणार तुमाले. त्या नसा मीच संपवल्या. इथी पाहा." त्याने पाय पुढे केला आणि घोट्याजवळ बोट ठेवलं. तिथे नस सापडली आणि काचेची नळी भरली.

ती नळी माझ्या आत ठेवली गेली तेव्हा अजून कोमट होती. मी तिला थंड करू लागले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

लटारूभाऊ मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. अर्ध्या वाटेत कोळशाचा एक ट्रक आडवा झाला होता. रस्ता बंद. एक तास झाला, दोन झाले. बसचा पत्रा तापला. लटारूभाऊंनी गळ्यातला दुपट्टा पाण्यात भिजवून माझ्याभोवती गुंडाळला. खाली उतरून ते एका टपरीवर बर्फ मागून आले, तर तिथला बर्फही संपलेला. माझ्या आतले चारही पॅक एकेक करून पाणी होत होते. मला कळत होतं. मी काही करू शकत नव्हते.

प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. खिडकीतल्या बाईंनी झाकण उघडून थर्मामीटर लावला आणि नळी परत केली. "हे नाही चालणार. गरम झालंय. उद्या दुसरं आणा."

"म्याडम, त्याची नस भेटत नाई. लय मुश्किलीनं तयार झाला तो."

"मी घेतलं तर रिपोर्ट चुकीचा येईल, भाऊ. तो कुणाच्या कामाचा?"

त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच लटारूभाऊंना त्यांच्याशी भांडताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चैतूला सगळं सांगितलं. ट्रक, ऊन, बर्फ. चैतूने माझ्याकडे एकदा बघितलं.

"म्हणजे माझं रक्तबी नाई चाललं त्याइले," तो म्हणाला.

"तसं नाई रे. पेटी गरम झाली."

"हव. समजलं." त्याने शर्टाचं बटण लावलं आणि गेला. नवी सुईदेखील घेतली नाही.

पुढचा मंगळवार गेला, त्याच्या पुढचा गेला. त्याचा फोन बंद होता. दर मंगळवारी पुनमताई माझ्यात एक नळी जास्तीची ठेवायच्या, लटारूभाऊ मला गाडीला बांधायचे आणि आम्ही त्याला शोधायचो. सायडिंगच्या मागे, उड्डाणपुलाखाली, बंद पडलेल्या क्वार्टर्समध्ये. या फिरण्यात दुसरी माणसं भेटली. सहा जणांनी केंद्रात येऊन रक्त दिलं, ते नीट पोचलं. त्यातल्या चौघांना गोळ्या सुरू झाल्या. चैतूची नळी मात्र प्रत्येक वेळी रिकामीच परत आली.

थंडीच्या दिवसांत लटारूभाऊंना त्याच्या गावाचा पत्ता लागला. जंगलाला लागून असलेलं धानाचं गाव. घरात त्याची आई होती, सोनीबाई. त्यांनी आम्हाला अंगणात बसवलं आणि पाणी दिलं.

"तो मिरची तोडाले गेला तिकडं तेलंगणात," त्या म्हणाल्या. "जाऊन राह्यला तं मी म्हटलं, नको जाऊ. जेवण जात नाई त्याले. पोट असं तंगलं हाय." फुगलेलं पोट त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं.

लटारूभाऊंनी त्यांना समजेल असं सांगितलं. रक्त तपासायचं आहे, मग औषध मिळतं, आजार जातो. सोनीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी लुगड्याचा काठ सारून स्वतःचा हात पुढे केला.

"मंग माझं न्या ना. माझ्याच पोटचा हाय तो. माझं पाहून कळन तुमाले."

लटारूभाऊ म्हणाले, "नाई बाई, ते त्याचंच लागते."

"कायले? एकच तं हाय," सोनीबाई म्हणाल्या. हात त्यांनी लगेच मागे घेतला नाही. मीही तशीच बसून होते, बर्फ भरलेली, आत जागा असलेली.

तो मार्चमध्ये परतला. शेजाऱ्याच्या फोनवरून सोनीबाईंनी कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुनमताई आणि लटारूभाऊ मला घेऊन निघाले. चैतू ओसरीत खाटेवर होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट टरारलेलं, हातपाय काड्यांसारखे. पुनमताईंना बघून त्याने पाय पुढे केला.

"यावेळी पोचन ना, ताई?"

"पोचेल," पुनमताई म्हणाल्या.

आणि पोचलं. दुपारी बाराच्या आत, बर्फ अजून कडक असताना. खिडकीतल्या बाईंनी थर्मामीटर बघून मान डोलावली. मी माझं काम नीट केलं होतं. मला वाटलं, आता होईल.

अहवालात आजार होता. त्याआधीच चैतूला दवाखान्यात भरती केलं होतं, अहवाल येताच गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पुनमताईंना बाजूला घेऊन सांगितलं, औषध आजाराला मारेल, पण यकृत फारच थोडं उरलं आहे. दहा महिन्यांपूर्वी आला असता तर वेगळं असतं. पुनमताईंनी केंद्रात येऊन ते लटारूभाऊंना सांगितलं. मी टेबलावरच होते. दोघांपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

चैतूने अकरा दिवस गोळ्या घेतल्या. एकही चुकवली नाही, असं सोनीबाई सांगत होत्या. बाराव्या दिवशी तो शुद्धीवर आला नाही, आणि संध्याकाळी गेला.

काल सोनीबाई केंद्रात आल्या. बसने एकट्याच आल्या होत्या. पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून त्यांनी पुनमताईंपुढे ठेवली.

"उरल्या हायेत. दुसऱ्या कोनाले लागतीन."

उघडलेल्या बाटलीतल्या गोळ्या दुसऱ्याला देता येत नाहीत, हे पुनमताईंना माहीत आहे. त्यांनी ते सांगितलं नाही. बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाल्या, "ठेवते, बाई."

तुम्ही हे वाचताय, तुमच्या ओळखीत असा कुणी असेल. भाऊ असेल, कामावरचा सोबती असेल, गल्लीतला असेल. तो तपासणीला तयार झाला, तर त्याच दिवशी त्याच्याबरोबर जा. रस्त्यात अडकलात, रक्त परत आलं, तर त्याला एकट्याला घरी पाठवू नका. मी रक्त थंड ठेवू शकते, फार तर काही तास. माणसाला थांबवून ठेवणं माझ्याच्याने होत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.

सोनीबाई जायला उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "त्याचं रक्त ह्याच्यातच नेलं होतं का?"

लटारूभाऊंनी हो म्हणून मान हलवली. सोनीबाईंनी माझं झाकण उघडलं, आत डोकावून बघितलं. आत काही नव्हतं. त्यांनी झाकण नीट दाबून लावलं, जसं एखाद्या भांड्याचं लावतात, आणि बस पकडायला निघून गेल्या.