दादाची डोंगरगाडी

“भाऊजी, आज यांना शर्टाचं बटण लावता आलं नाही.”

वहिनी शेडच्या दारात उभी होती. हातात चहाचा कप होता, पण तो पुढे करायचं तिला सुचत नव्हतं. बारक्याने वेल्डिंगची काच कपाळावर सरकवली.

“कोणतं बटण?” त्याने विचारलं, आणि विचारल्यावर त्याला आपल्याच अकलेची कीव आली.

“सगळीच,” वहिनी म्हणाली. “वरचं तर मीच लावत होते इतके दिवस. तुम्हाला बोलले नव्हते. ती गाडी व्हायची असेल तर लवकर होऊ दे आता.”

बारक्या काही बारका राहिला नव्हता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, आणि ज्या ग्रिल-फाटकांच्या दुकानात तो वेल्डर होता तिथे त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण दादासाठी तो बारक्याच. वडील गेले तेव्हा दादाने शाळेला रामराम ठोकला आणि गॅरेजात चिकटला. धाकट्याला त्याने वाढवलं, चोपलं, आणि हाताला वळण लागेल असं दिसल्यावर वेल्डिंगचा होल्डर त्याच्या हातात दिला. डोंगरात, खडीत, चिखलात मोटारसायकली पळवायचं दादाला वेड होतं. घरामागच्या या शेडमध्ये त्याने लोकांसाठी कितीतरी डोंगरगाड्या उभ्या केल्या. इंजिन एकीचं, चाकं दुसरीची, शॉकअप आणखी कुठले तरी. स्वतःसाठी मात्र एक करायची राहून गेली होती.

त्या गाडीचं चित्र दादाने शेडच्या फरशीवर खडूने काढलं होतं, खऱ्या मापाचं. नळ्याही त्यानेच निवडून आणल्या. चौकट विकतची घ्यायची नाही, स्वतः वाकवायची, स्वतः जोडायची, आणि खाणीमागच्या चढावर दमेल इंजिन तर दमेल, पण चौकट हूं की चूं करणार नाही, असं तो सांगत सुटला होता. मग त्याच्या हातातून नट आवळायचे पाने गळायला लागले. आधी सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. स्नायू वाळत जाणार, हातांपासून सुरुवात झाली आहे, औषध नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

तेव्हा बारक्याने गाडी अंगावर घेतली. हातात जोर आहे तोवर दादाने तो चढ या गाडीवरून एकदा चढायचा, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. दुकान सुटलं की तो शेडमध्ये, सुट्टी असली की सकाळपासून शेडमध्ये. दादा दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा.

“कापताना डोळे दुकानात ठेवून आलास का?”

“ही नळी वाकवलीस की तिच्यावर बसलास?”

चुकलं तर शिव्या आणि जमलं तर गप्प, असा दादाचा कायदा होता. कौतुकाचा शब्द काढायचा म्हणजे त्याच्या अगदी जिवावर यायचं. बारक्याने पहिलं मोठं फाटक केलं तेव्हा दादा मुद्दाम दुकानात आला, एक डोळा मिटून त्याने फाटकाकडे पाहिलं, “बिजागरी खाली आलीय,” म्हणाला आणि चालू लागला. बारक्या त्या दिवशी घरी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी माप घेतलं तर बिजागरी खरंच खाली आली होती, आणि ते त्याला जास्त झोंबलं. त्याने ती वर घेतली. दादा पुन्हा बघायला आला नाही.

वहिनीने बटणांचं सांगितलं त्या दिवशी मान जोडायची होती. मान म्हणजे चौकटीच्या पुढची जाड नळी, जिच्यात हँडल आणि पुढचं चाक बसतं. तिथे घाई चालत नाही. वेल्ड थंड होताना लोखंडाला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून थोडं डावीकडे जोडायचं, थोडं उजवीकडे, मध्ये थांबायचं, दोरी ताणून मान सरळ आहे का ते बघायचं आणि मगच पुढे जायचं. हे बारक्याला दादानेच शिकवलं होतं, तेही कानाखाली वाजवून. पण दादा आत पडून होता आणि खुर्ची रिकामी होती. बारक्याने काच खाली ओढली आणि डावी बाजू एका दमात पुरी करून टाकली. मध्ये थांबावं असं त्याच्या मनात आलंही, पण हात थांबेना. डोक्यात नुसती बटणं फिरत होती. मग त्याने उजवी बाजू घेतली.

लोखंड निवल्यावर त्याने दोरी धरली. मान डावीकडे ओढली गेली होती, चांगली बोटभर.

जन्मभर लोखंड जोडून पोट भरणारा माणूस पहिल्याच धड्यात नापास झाला होता. त्याने नळी तापवली, लांब पाइप अडकवून त्यावर सगळं वजन टाकलं. थोडी आली, बाकीची काही केल्या येईना. आता मान कापून काढायची, तशाच नळ्या पुन्हा मिळवायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायचं, दुसरा मार्ग नव्हता. कुणा नवशिक्याला त्याने हेच सांगितलं असतं, वर चार शिव्या घातल्या असत्या. पण तोवर दादाच्या हातांचं काय? त्याच संध्याकाळी दादाने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला आणि तरीही सांडला. वहिनीने फडकं आणून पुसलं. बारक्याने ते पाहिलं आणि चुकीवर पांघरूण घालायचं ठरवलं.

मागचं चाक त्याने वायसरच्या चकत्या घालून बाजूला सरकवलं, म्हणजे पुढच्याशी जुळल्यासारखं दिसावं. सांध्यावर पुट्टी भरली, घासली, वर रंगाचा जाड हात मारला. क्लचचा दांडा लांब केला, म्हणजे कमी जोरातही ओढता यावा. हे एक काम मात्र त्याने जीव ओतून केलं. दादाचं शेडकडे येणं आता बंद झालं होतं, पाय साथ देत नव्हते. “कुठवर आलंय?” असं तो आतून विचारायचा आणि “होतंय,” असं बारक्या सांगायचा. दादा इकडे येत नाही म्हणून त्याला बरं वाटायचं. बरं वाटतंय म्हणून मग स्वतःची किळस यायची.

गाडी झाली त्या सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. एक दंड वहिनीने धरला, दुसरा बारक्याने, आणि दोघांनी दादाला अंगणात आणलं.

“अरे, ही तर गाडीच झाली की,” दादा म्हणाला.

“मग काय, म्हैस होणार होती?” वहिनी म्हणाली, आणि तिघंही हसली.

बारक्याने दादाला उचलून सीटवर बसवलं. दादा इतका हलका झाला असेल याची त्याला कल्पना नव्हती. त्याने दादाचे पाय नीट ठेवले, बोटं हँडलच्या मुठींवर बसवून दिली, गाडी अंगावर पेलून धरली आणि बाजूने किक मारली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दादाच्या डोळ्यांत क्षणभर जुना दादा दिसला.

“क्लच ओढ,” बारक्या म्हणाला.

दादाने दातओठ खाल्ले. दांडा जागचा हलला नाही.

“लांब केलाय मी तो. अजून थोडा जोर लाव.”

“लावतोय रे.”

दांडा तसाच राहिला. दादाच्या कपाळावर घाम आला. वहिनी पदराचं टोक तोंडाशी धरून आत निघून गेली. चढावर जायचं नाही हे ठरलं, आणि ते कुणाला बोलून दाखवावं लागलं नाही.

मग दादाने एक डोळा मिटला. हँडलवरून पुढच्या चाकाकडे पाहिलं. नजर खाली मानेवर आली, रंगाच्या जाड थरावर, आणि तिथे थांबली. मग वळून त्याने मागच्या चाकाकडे पाहिलं, वायसरांकडे पाहिलं. बारक्याचे कान तापले. आता पडणार शिवी. पडू दे, त्याला ती हवीच होती. शिवी पडली की उद्या मान कापता येईल, नव्याने जोडता येईल, आणि दादा खुर्चीत बसून त्याच्या नावाने शंख करत राहील.

“छान केलीस,” दादा म्हणाला.

“नीट बघ, दादा.”

“बघितली की.”

“मान ओढली गेलीय, डावीकडे. मी एका दमात वेल्ड मारला. वर पुट्टी भरलीय.”

“दिसलं मला.”

“मग बोल ना काहीतरी! गाढवा म्हण. शिव्या दे.” बारक्याचा आवाज चिरकला. “असली गाडी तू कुणाला दिली असतीस का?”

दादाने जिभेने ओठ ओले केले.

“आता ती कुणाला चालवायचीय, बारक्या?”

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. राग असता तर बारक्याला सोसला असता. तेवढ्यात वहिनी पुन्हा दारात आली. तोंड धुऊन आली होती.

“कशी झालीय हो?” तिने विचारलं.

“फार छान,” दादा तिला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला. “माझ्यापेक्षा बरा हात आहे त्याचा.”

जन्मभर बारक्या या एका वाक्यासाठी लोखंडाशी झटत आला होता. ते ऐकून त्याला हंबरडा फोडावासा वाटला. वाकड्याला वाकडं म्हणणारा दादा गेला होता, देह जायच्या आधीच, कुणाला न सांगता. भावाला वाईट वाटू नये म्हणून गोड बोलणारा एक आजारी माणूस तेवढा मागे राहिला होता.

“बंद कर,” दादा म्हणाला. “उगाच पेट्रोल जळतंय.”

बारक्याने इंजिन बंद केलं. दादाला उतरवायला त्याने पाठीमागून हात घातला, पण दादाची बोटं मुठींवर तशीच वळून राहिली होती, आपणहून सुटत नव्हती. गाडी मांडीने टेकून धरत बारक्या एकेक बोट सोडवू लागला. दादा ते बघत होता, दुसऱ्या कुणाचे हात असावेत तसा.