उलट्या नावाची चादर

शकुंतला येमूलला स्वतःविषयी शंका आलेली गल्लीत कुणी पाहिली नव्हती. पुण्याहून कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेऊन ती सोलापूरला परतली ती नाकावर माशी बसू देईना. साखर पेठेतल्या त्या गल्लीत तिच्याएवढी शिकलेली पोरगी दुसरी नव्हती, आणि कुणाला हे माहीत नसलंच तर ती स्वतः सांगायची. आता तिला पुढचा दोन वर्षांचा कोर्स करायचा होता, ग्राफिक डिझाइनचा. मुंबईच्या एका कॉलेजात तिनं अर्ज केला, अहमदाबादच्या एका संस्थेत केला. दोन्हीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते गल्लीला.

"ग्राफिक म्हंजे काय गं?" शेजारच्या दगडाबाईनं विचारलं. "बोर्ड रंगवायचं की?"

"बोर्ड, पुस्तकाचं कव्हर, औषधाची खोकी, सगळं. माणसाला लांबून बघितल्याबरोबर कळलं पाहिजे, असं काढायचं."

"मग तुझा बाप आणिक काय करतोय?"

शकुंतला नुसती हसली. बाप काय करतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नागप्पा चादरीची नक्षी काढायचा. बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, त्या कागदाबरहुकूम जाड कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं मागावर चढली की नक्षी आपोआप विणली जायची. काठाशी कारखानदाराचं नाव असायचं. माग चालताना चादरीची सुलट बाजू खाली असते, म्हणून नाव कागदावर उलटं काढायचं, आरशात दिसतं तसं. नागप्पाचं एक म्हणणं ठरलेलं होतं: कार्ड कापायच्या आधी हवं तेवढं बघ, एकदा पाडलेलं भोक बुजत नाही.

हे म्हणणं एकदा पाळायचं राहिलं, ते त्या घराला महागात पडलेलं होतं. शकुंतला बारा वर्षांची असताना तिनं हट्टानं एक चादर काढली. मोर झकास साधले, आणि कारखानदाराचं नाव तिनं शाळेत शिकवलं तसं सरळ काढलं. नागप्पाला त्या दिवशी ताप होता, त्यानं कागदावर नजर टाकली आणि पोरीच्या भरवशावर कार्डं कापली. मागावरून चादरी उतरल्या तेव्हा सगळ्यांवर नाव उलटं. कारखानदारानं त्या सगळ्या नागप्पाच्याच गळ्यात मारल्या. तेव्हापासून येमूलांच्या घरात अंथरायला तीच चादर, पांघरायला तीच, पाहुण्याला तीच. नागप्पा पोरीला एका शब्दानं बोलला नाही. पण त्यानंतर बापाच्या हाताखाली नक्षी काढता काढता शकुंतलेचा हात असा वळला की चौकटीचा कागद दिसला की अक्षर उलटंच उतरायचं.

मुंबईची मुलाखत सरळ पार पडली. फायलीत तिनं पुण्यातली कामं लावली होती: साबणाची जाहिरात, नाटकाचं पोस्टर, बिस्किटाचा डबा. घरची नक्षी त्यात एकही नव्हती. तो बापाचा धंदा, आपली कला वेगळी, असं तिचं साधं गणित होतं. परीक्षकांनी कामात सफाई आहे म्हणून तोंड भरून कौतुक केलं आणि आठवड्यात जागा दिल्याचं पत्रही आलं. पार्वतम्माचा, म्हणजे तिच्या आईचा, जीव भांड्यात पडला. तिचा भाऊ संगप्पा परळला राहायला होता. पोरगी मामाकडं राहील, गरम जेवेल, आणखी काय पाहिजे?

अहमदाबादला मात्र घोटाळा झाला. तिथं फाइल बघायच्या आधी सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं आणि एकेक कागद दिला. स्वतःचं नाव असं काढा की समोरच्या भिंतीपासून वाचता आलं पाहिजे. कागद बारीक चौकटींचा होता. शकुंतलेला मनातून हसू आलं. हे काय काम झालं? सगळ्यांच्या आधी तिचं झालं. जाड, नेमकी, काठाला नक्षी धरलेली अक्षरं. तिनं ऐटीत कागद उभा धरला आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सबंध नाव उलटं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा तिला खाली बघावंसं वाटलं.

पिकल्या केसांच्या एक परीक्षक बाई उठून आल्या. हसल्या नाहीत. कागद खिडकीशी नेऊन त्यांनी मागून उजेडात बघितला, तिथून नाव बरोबर वाचता येत होतं.

"असं का काढलंस?" त्यांनी हिंदीत विचारलं.

शकुंतलेनं सांगितलं. माग, कार्डं, सुलट बाजू खाली, सगळं सांगितलं. बाईंनी तिची फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली.

"त्यातलं ह्यात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "घरचं काम पाठव. ते बघून आम्ही ठरवू."

घरी आल्यावर तिनं चुलीपाशी बसून हे सगळं सांगितलं. घरात तेलुगू, दारात मराठी असा येमूलांचा रिवाज, पण नागप्पाला काही टोचलं की तो घरातही मराठीत बोलायचा.

"आपली कामं फायलीत घातली न्हवतीस व्हय?"

"न्हाय, नाना."

"बरं," नागप्पा म्हणाला आणि त्यानं ताट बाजूला सारलं.

ताटात भाकरी शिल्लक होती. शकुंतलेला इतकी लाज हॉलमध्ये सगळे हसले तेव्हाही वाटली नव्हती. पुण्याचे मास्तर काय, मुंबईचे परीक्षक काय, सगळ्यांपुढं मिरवायला ती गेली. आणि ज्या माणसाच्या मांडीवर बसून ब्रश धरला त्याचं नावही तिनं कुठं घेतलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं.

दुसऱ्या दिवशी तिनं घर धुंडाळलं. कार्डं कापून झाली की नक्षीचे कागद रद्दीत जायचे. तिनं काढलेल्या चादरी गावोगावी लोकांच्या अंगावर होत्या. तिच्या हातची म्हणावी अशी घरात एकच गोष्ट होती, ती उलट्या नावाची चादर. ती बापापाशी गेली.

"चूक पाठवू, नाना?"

"मोर बघ की," नागप्पा म्हणाला. "बारा वर्षांच्या पोरीनं काढल्यात. नाव चुकलं ते मी बघितलं न्हाय म्हणून. ती चूक माझी हाय." आणि त्यानं स्वतःच्या अंथरुणावरची चादर काढून झटकली. पार्वतम्मा कुरकुरली, पण घडी तिनंच घातली.

पार्सल गेलं. अहमदाबादचं उत्तर येईना. मुंबईला होकार कळवायची मुदत मात्र येऊन ठेपली.

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये," पार्वतम्मा म्हणाली. "मामा हाय तितं. गपचीप हो म्हणून लिव्ह."

"मुंबईनं साबणाची जाहिरात बघितली, अम्मा. ती मी पुण्यात शिकले. तसली काढणाऱ्या त्यांना ढीगभर मिळतील. मोरांची चादर काढणारी मी एकटी हाय."

"आणि अहमदाबादनं न्हाय म्हटलं तर?"

"तर नानांच्या शेजारी बसून कार्डं कापीन, आणि पुढल्या साली परत अर्ज करीन. त्या खेपेला फायलीत आपली कामं घालून."

पार्वतम्मानं नवऱ्याकडं बघितलं. नागप्पा कागदावर वाकून चौकटी भरत होता. त्यानं मान वर केली नाही.

"नीट बघितलंस?" एवढंच त्यानं विचारलं.

"बघितलं."

"मग पाड भोक."

शकुंतलेनं मुंबईला नकार लिहिला आणि पोस्टात जाऊन स्वतः पेटीत टाकला. दगडाबाईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "अहमदाबादला चाललेय." तोंडात शब्द होते, हातात काही नव्हतं. पण आवाज ठणठणीत होता.

अहमदाबादचं पत्र आलं तेव्हा नागप्पा कार्डं कापत होता. शकुंतलेनं दारातच उभं राहून वाचलं. जागा मिळाली होती. खाली त्या बाईंनी हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या: चादर इथं वर्गाच्या भिंतीवर लावली आहे, परत पाठवत नाही, राग मानू नये.

पार्वतम्मानं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच मुंबईत काय वाईट होतं म्हणून बडबडायला लागली. नागप्पानं हातातली कार्डाची पट्टी खाली ठेवली.

"कुठली बाजू वर लावली?" त्यानं विचारलं.

शकुंतलेनं पत्र पुन्हा वाचलं. "ते न्हाय लिहिलं."

"तू गेलीस की बघ," नागप्पा म्हणाला. "नाव सरळ दिसावं म्हणून मागची बाजू लावली असली तर काढायला सांग. सुलट बाजूच लावा म्हणावं. चूक दिसली तर कुणीतरी विचारंल की."

त्यानं पोरीकडं बघितलं. "आणि विचारलं, तर कुणाची म्हणून सांगशील?"

"आपली," शकुंतला म्हणाली.

नागप्पानं मान हलवली आणि पट्टी पुन्हा हातात घेतली.