न वाजलेली शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. आकाराम सुभेदार फौजेत असताना त्यांनी मला साताऱ्याच्या एका दुकानातून घेतले. निवृत्त होऊन ते कुंडलला परतले आणि दर रविवारी डोंगरवाटांवर सायकलस्वारांची टोळी नेऊ लागले. मी त्यांच्या गळ्यात असे. मित्रांनो, काय माझा रुबाब होता! प्रत्येक फाट्यावर मी वाजले की सगळे थांबत आणि आपापला नंबर ओरडत. शेवटचा गडी आल्याशिवाय सुभेदार पुढे निघत नसत. कुणी कुरकुरले तर म्हणत, "घाई हाय त्यानं एस्टीनं जावं."

टोळीत सम्मेद होता. घराणे जैन, दिवस मावळायच्या आत त्याला जेवावे लागे. म्हणून परतताना तो कधीकधी न सांगताच आडवाटेने घर गाठी. सगळे त्याला चिडवत. सुभेदारही हसून सोडून देत, आणि तिथेच चुकले.

त्या रविवारी उताराखालच्या फाट्यावर मी वाजले. निघाले होते अकरा जण, नंबर आले दहाच.

"सम्मेद न्हाई," सर्वांत मागून आलेली राजेश्वरी म्हणाली.

"गेला असंल घरी! ताटावर बसला असंल," विश्वजीत हसला.

सुभेदारांनी फोन लावला, पण रेंज नव्हती. त्यांनी मला पुन्हा ओठांशी नेले, कलत्या उन्हाकडे पाहिले आणि मला खाली सोडले. "व्हय, जेवायची येळ झाली त्येची. चला."

तो वर उतारावर सायकल घसरून ओढ्यात पडला होता, घाणेरीच्या जाळीआड. अंधार पडल्यावर त्याच्या आईचा, चंदनबालाबाईंचा फोन आला, तेव्हा सगळे बॅटऱ्या घेऊन धावले. सापडला तेव्हा अंग गार पडले होते. पडल्यावर तास-दीड तास जीव होता, असे डॉक्टर म्हणाले.

आठवड्याने चंदनबालाबाई आल्या. "आवं सुभेदार, माघारी फिरून एकदा तरी शिट्टी मारायची. वळखीचा आवाज त्यो. त्येनं ओ दिली असती."

सुभेदारांनी मला गळ्यातून काढले आणि खुंटीला अडकवले.

टोळी मोडली. मी खुंटीवर काळी पडले आहे, आणि मला कुणी पुसू नये असेच वाटते. पण मित्रांनो, तुमच्या भरवशावर कुणी घराबाहेर पडले असेल, तर 'गेला असेल' म्हणून निघू नका. एक जरी कमी भरला तरी माघारी फिरा. आम्ही फिरलो नाही. हाकेच्या अंतरावर सम्मेद जिवंत होता.