कौसल्येचं गार अंगण

महागावकडून उमरखेडला जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून हाकेच्या अंतरावर कौसल्येचं घर. घरापुढचं अंगण पूर्वी उन्हाळ्यात असं तापायचं, की त्यात वाळत घातलेली तुरीची डाळ संध्याकाळी शिजलेलीच निघे. वरून फक्त फोडणी द्यायची. नवरा पंजाबराव दिवसभर पंख्याखाली पडून राही, आणि त्याच्याकडे पाहुणा म्हणाल तर मीटरचं रीडिंग घेणारा. तोही उंबऱ्यावरूनच पळे.

लेक दीपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती तान्ह्याला घेऊन उमरखेडला सासरी परतली आणि घर ओकंबोकं झालं. रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून कौसल्येनं अंगण करायला घेतलं. खर्च झाला तो चुन्याचा आणि गेरूचा. बाकी सगळं घरातलं, नाहीतर उकिरड्यावरचं. गोठ्याच्या छपरावरची फुटकी कवेलू तिनं तिरपी गाडून वाफ्यांना कड केली. ठिबकच्या जुन्या नळ्या उंदरांनी कुरतडून बासऱ्या करून ठेवल्या होत्या, त्या भोकांतूनच झाडांना पाणी सोडलं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचे तट्टे बांधून मांडव घातला आणि त्यावर दोडका अन् गोकर्ण चढवला. कुंड्या कुठून आणायच्या? स्वयंपाकघरातले पत्र्याचे डबे एकेक करून बाहेर गेले. तिखट बरणीत आलं, डाळी पातेल्यांत आल्या, साखर शिटी हरवलेल्या जुन्या कुकरात जाऊन बसली. शेवटी मोडक्या बैलबंडीच्या फळ्यांचं ऐसपैस बाकडं केलं, ते रस्त्याकडे तोंड करून ठेवलं आणि बाजूला पाण्याचा रांजण मांडला.

इथंच ती चुकली. आपल्याकडे सावली, बाकडं आणि रांजण रस्त्यावरून एकत्र दिसले, की घर कुणाचं हे कुणी विचारत नाही. येऊन बसतात.

आणि गारवा तरी कसा! बाहेर डांबर पातळ होऊन गाड्यांच्या चाकांना चिकटायचं, अन् मांडवाखाली तांड्यावरच्या भुरीबाईच्या बकरीला भर वैशाखात शिंका यायच्या. महागावचा गोळेवाला बर्फाची लादी तिथं टेकवून निवांत जेवायला जाई. परतला की लादी थोडी वाढलेलीच असे. खोटं वाटत असेल तर बकरी अजून आहे, तिला विचारा.

पहिल्यांदा फाट्यावर एसटीची वाट पाहणारे आले. मग आपापल्या अंगणात कंटाळलेले आले. मग मुलगी दाखवण्याचे कार्यक्रम तिथं व्हायला लागले, कारण त्या हिरव्या उजेडात कुठलीही पोरगी गोरी दिसायची अन् कुठलाही पोरगा शहाणा. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येऊ लागली. पंजाबराव पंख्याखालून उठला, धोतराला नीळ द्यायला लागला आणि बाकड्याच्या मधोमध बसून रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारायला लागला.

"या न बापा! उन्हाचं कुठं चालले? कौसल्या, चहा टाक वं!"

चहाशिवाय पाहुणा उठवायचा नाही, आणि पाहुणा बसलेला असताना घरच्या बाईनं घर सोडायचं नाही. हे दोन नियम कुणी लिहिलेले नव्हते, पण कौसल्येच्या दोन्ही पायांत ते बेडीसारखे होते. पहिल्या पाहुण्यांचे कप विसळून होईतो दुसरे टेकलेले असत. चुलीवरून चहाचं पातेलं, म्हणजे गंज, उतरायचाच नाही. त्याची बाहेरची बाजू इतकी काळी झाली होती, की दिवसा त्याच्याजवळ दिवा लावावा लागे. स्वतःच्या हातानं केलेलं अंगण तिला आता फक्त खिडकीच्या गजांतून दिसे, तेही पाठींच्या मधून.

असे दोनतीन उन्हाळे गेले, आणि दीपाचा फोन आला. दुसरं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं.

"आई, तू कवा येतं? डाक्टरीन म्हने, आता कवाबी होऊ शकते. पहिल्या खेपेले तू होती म्हणून माह्या जिवाले धीर होता. तू आल्याशिवाय मी दवाखान्यात पायच नाई टाकत, सांगून ठेवते."

"येतो वं माय. उद्याच निघतो."

कौसल्येनं थैली भरली. जुन्या लुगड्याची मऊ दुपटी, बाळंतशोपा आणि डिंकाचे लाडू. दुसऱ्या दिवशी थैली उचलायला गेली तर लाडवांचा डबा हलका लागला. उघडून पाहिलं तर तळाशी चुरा.

"अहो, लाडू कुठं गेले?"

"पावणे होते न," पंजाबराव मिशीवरचा चुरा झटकत म्हणाला. "लय तारीफ केली बरं त्याइनं."

"बाळंतिणीचे लाडू तुमी मिशीवाल्या बाप्यांले चारले?"

"अवं, हळू बोल. बाहेर बसले हायेत."

तिनं पुन्हा डिंक तळला, पुन्हा लाडू वळले, ते यावेळी गव्हाच्या कोठीत लपवले आणि थैली घेऊन निघाली. मागल्या दारानं जाता आलं असतं तर प्रश्न नव्हता, पण मागं शेजाऱ्याचं बोराटीचं कुंपण भिंतीला टेकलेलं. वाट एकच, अंगणातून. ती मांडवाखाली आली मात्र, बाकड्यावरून चारही बाजूंनी आवाज आले.

"कुठं चालल्या वहिनी, एवढ्या उन्हाच्या?"

"बसा न थोडं. चहा घेऊन जा."

तिच्याच अंगणात, तिच्याच बाकड्यावर, तिलाच सरकून जागा करून देण्यात आली. आणि चहा घेऊन जायचा म्हणजे तो करणार कोण? कौसल्या थैली दाराआड टेकवून परत चुलीपुढे गेली. फाट्यावर एसटी थांबल्याचा, मग निघाल्याचा आवाज तिनं आतूनच ऐकला.

"उद्या जाजो," पंजाबराव म्हणाला. "पावणे टाकून गेली तर लोक काय म्हनतील?"

उद्याही तेच झालं, परवाही तेच. थैली दाराआडच राहिली. दीपाचा फोन वाजला की कौसल्या पुन्हा 'उद्याच निघतो' म्हणे. मांडवावरचा गोकर्ण खिडकीच्या गजांना वेढे घालत आत शिरत होता. तिला वाटे, हा आता येऊन आपल्या पायालाही वेढा घालील. एकदा तर तिनं विळा हातात घेतला होता, वेल बुडापासून कापायचा म्हणून. पण आपणच पाणी घालून वाढवलेलं, हात उचलेना.

मग एका सकाळी भुरीबाई आली. यावेळी बकरी नव्हती, डोक्यावर गाठोडं होतं. तिचा मुलगा उमरखेडला राहतो, त्याच्याकडे चालली होती. कपबशी घेताना तिनं कौसल्येचं तोंड पाहिलं, मग दाराआडची थैली पाहिली.

"पोरीकडं गेली नाई अजून?"

"कशी जाऊ बाई? हे उठत नाईत न मले निघता येत नाई."

भुरीबाईनं बशीतला चहा सावकाश ओढला. मग बाहेर जाऊन बांगड्या खळखळवत सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "पंजाबराव, माह्यं गाठोडं लय जड हाय. तुह्या बायकोले सांग, मले फाट्यावर पोचवून दे."

आता जाणाऱ्या पाहुण्याला पोचवायला जाणं, यापुढे तर चहाही लहान. बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पंजाबराव छाती काढून म्हणाला, "जा कौसल्या, म्हातारीले पोचवून ये. गाडीत बसवून देजो बरं!"

कौसल्येनं एका हातात गाठोडं घेतलं, दुसऱ्या हातात थैली.

"अन् थे थैली कोणाची?" एकानं विचारलं.

"माह्यीच हाय," भुरीबाई म्हणाली. "तुले कायले पायजे?"

दोघी अंगणाबाहेर पडल्या. उन्हाचा चटका असा बसला, की कौसल्येला तो गोड वाटला. एसटी आली. तिनं भुरीबाईला चढवलं, गाठोडं चढवलं, थैली चढवली आणि मग स्वतःही चढली. गाडी सुटेपर्यंत तिनं खिडकीतून मागं पाहिलं नाही, कुणी बसायला सांगेल म्हणून.

अर्ध्या वाटेत फोन वाजला.

"अवं, साखर कायच्यात हाय? पावणे खोळंबले."

"कुकरात."

"कुकरात साखर? अन् तू कुठं हायेस?"

"भुरीबाईले पोचवून राह्यली."

"अजून?"

"उमरखेडपर्यंत पोचवतो. जड हाय न गाठोडं."

दीपा दारातच उभी होती. आईला पाहताच तिनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात नात झाली. आजीच्या मऊ दुपट्यात गुंडाळली, तेव्हा मूठ घट्ट आवळून ती असं काही रडली, की रस्त्यावरच्या तीन रिक्षांनी वाट दिली.

कौसल्येनं घरी फोन लावला.

"नात झाली! निघा, पाह्याले या."

पलीकडून आधी कपबशांचा आवाज आला, मग पंजाबरावचा, अगदी बारीक.

"कसा येऊ वं? कालपासून निघून राह्यलो. पावणे बसले हायेत, गंज उतरतच नाई."

"मंग कोणाले तरी पोचवाले निघा."

"कोणी जातच नाई न!"

आणि त्याच्या मागून, मांडवाखालून, चारपाच गळ्यांतून प्रेमळ आवाज आला, "पंजाबराव, थैली घेऊन कुठं चालले एवढ्या उन्हाचे? बसा न थोडं. चहा घेऊन जा."