शूटिंगवाल्याचा जबाब

"ताई, मान जराशी इकडे... हां, बस!"

दुर्गेशच्या तोंडून हे सवयीनं निघून गेलं आणि बॅरिकेडपलीकडच्या अंगणवाडी सेविका खळखळून हसल्या. पोलिसांसाठी मोर्चाचं चित्रीकरण करायला आलेला हा माणूस त्यांना चक्क नवरीसारखं उभं करत होता.

"मानधन वाढू दे, मंग याहून चांगलं हसून दाखवतो भाऊ," अगदी पुढे उभ्या असलेल्या शोभाताई म्हणाल्या.

दुर्गेश मनीषनगरचा, लग्नाचा शूटिंगवाला. वीस वर्षं लोकांच्या पंगती टिपल्या आणि स्वतः मात्र शेवटच्या पंगतीला गार वरण-भात खाल्ला. धनुर्मासात लग्नं थांबतात, पण त्याच सुमारास नागपुरात अधिवेशन भरतं आणि रोज मोर्चे निघतात. पोलिसांना कॅमेरेवाला लागतो. आठ वर्षं हे काम त्याच्याकडे होतं आणि त्यावर त्याचा डिसेंबर निभायचा. काम कुठलंही असो, त्याचा खाक्या एकच. चेहरा सोडायचा नाही. लग्नात लोक पैसे देतात ते रडणाऱ्या आईच्या चेहऱ्याचे, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं.

तीनच्या सुमाराला बातमी आली की निवेदन घ्यायला मंत्री येणार नाहीत. सकाळपासून उन्हात बसलेल्या बाया उठल्या. मागून रेटा आला, बॅरिकेड कलंडलं आणि अलीकडे, पोलिसांच्या बाजूला उभी असलेली उन्नती नावाची शिपाई पाय अडकून खाली पडली.

दुर्गेशचा कॅमेरा शोभाताईंच्या चेहऱ्यावर होता. वटारलेले डोळे, ताणलेल्या शिरा, उघडं तोंड. बाकीचं त्यानं नुसत्या डोळ्यानं पाहिलं. त्या बाईनं दोन्ही हातांनी लोखंडी बॅरिकेड स्वतःकडे ओढून धरलं होतं आणि मागच्यांवर ओरडत होती, "मागं सरा वं! पोरगी दबून राहिली खाली!" घोषणांच्या गदारोळात ते शब्द कॅमेऱ्यात उतरलेच नाहीत.

अर्ध्या तासानं पोलिसांच्या रावटीत इन्स्पेक्टर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकले होते. बंदोबस्तासाठी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले, दमलेले गृहस्थ.

"वा! चेहरा किती स्वच्छ आलाय," ते म्हणाले. "हीच ती बाई. पोलिसांवर बॅरिकेड ढकललं. घ्या गुन्हा दाखल करून."

गुन्हा म्हणजे शोभाताईंचं काम गेल्यातच जमा होतं. दुर्गेश पुढे झाला.

"साहेब, ते बाई ढकलून नव्हती राहिली. ओढून राहिली होती. मी पाह्यलं."

"यात कुठे दिसतंय?"

दुर्गेशनं पाहिलं. हनुवटीपर्यंतचा सुंदर चेहरा होता, हात कुठेच नव्हते. त्याला स्वतःच्या कसबाची आयुष्यात पहिल्यांदा शिसारी आली.

कोपऱ्यात उन्नती सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसली होती. नोकरीला चार महिने झालेले. इन्स्पेक्टरांनी तिला विचारलं.

"मी तं खाली पडली होती साहेब," ती जमिनीकडे पाहत म्हणाली. "मले काही नाही दिसलं."

"मंग माझा जबाब घ्या," दुर्गेश म्हणाला.

"अरे, तू आमच्याकडे कामाला आहेस. उद्यापासून येऊ नकोस म्हणालो तर?"

"तुमची मर्जी, साहेब. पण जबाब घ्या."

इन्स्पेक्टरांनी त्याच्या गळ्यातला पास काढून घेतला आणि हवालदाराला मान डोलावली. हवालदार सावकाश लिहू लागला.

"बाईशी तुझं नातं काय गा?"

"काहीच नाही."

"मंग काहून लफड्यात पडून राहिला बाप्पा?"

त्याला भीती वाटत होती. तरी कागद दोनदा वाचून त्यानं सही केली.

तेवढ्यात दोन महिला शिपाई शोभाताईंना रावटीसमोरून गाडीकडे नेऊ लागल्या. आत कोणी जबाब दिला, कोणी दिला नाही, हे शोभाताईंना काहीच ठाऊक नव्हतं. उन्नती दिसताच त्या थांबल्या.

"पाय कसा आहे वं बेटा? हाड तं नाही ना मोडलं?"

उन्नतीनं इन्स्पेक्टरांकडे पाहिलं, मग हवालदाराच्या हातातल्या कागदाकडे.

"नाही मावशी," ती कशीबशी म्हणाली.

"चाला, बरं झालं," असं म्हणून शोभाताई पदर खोचत गाडीत चढल्या.