पझेस म्हणजे काय

ठाकूरवाडीत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली दिपाली एकटीच. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचं, मोबाइलवर आलेलं, रेशनच्या मशीनवर उमटलेलं, सगळं वाचायला वाडी तिच्याच दारात यायची. जैतूला, तिच्या बापाला, त्याचा फार अभिमान. पोर वाचत असली की तो उगाच बाजूला उभा राहायचा.

माळावरचं रान जैतूच्या आज्यानं फोडलेलं. नाचणी, वरी, कडेला उडीद. कागदोपत्री ते कल्याणच्या एका शेठचं होतं, पण शेठला तिथं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग शेठनं माळ विकला, आणि नव्या मालकाचा माणूस मोटरसायकलवरून वाडीत आला. सूरज त्याचं नाव. मोठा गोड बोलणारा. कोण कुठं कसतो एवढीच नोंद करायची आहे, म्हणाला. कागद इंग्रजीत होता.

जैतू म्हणाला, "माजी पोर वाचील, मंग सही."

सूरज हसून ओट्यावर टेकला. ठमीनं, जैतूच्या बायकोनं, त्याला कोरा चहा दिला. वाडीतली आठ-दहा माणसं अंगणात जमली.

दिपालीनं कागद घेतला. पहिल्या ओळींत नाव, गाव, गट नंबर. मग शब्द आला, पझेसेस. हा तिच्या ओळखीचा. परीक्षेत गाळलेल्या जागी तिनं तो भरला होता. शब्दकोशात त्याचे तीन अर्थ होते : मालकीचे असणे, जवळ असणे, ताब्यात असणे. पहिलाच तिच्या डोक्यात पक्का बसलेला. पुढं होतं, 'विथ द लीव ऑफ द ओनर.' ओनर म्हणजे मालक. लीव म्हणजे सोडणं. मालकानं सोडलं, जैतूचं झालं. अर्थ लागत होता, तरी कुठंतरी खटकत होतं, आणि खालची लांबलचक ओळ तर नीट लागतच नव्हती. उद्या मुरबाडला कॉलेजात सरांना विचारून सांगते, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि बापानं पेन हातात घेतलंही होतं.

"काय लिवलंय गो?"

"रान आपल्या मालकीचं आहे, असं लिहिलंय बा."

जैतूनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर दाबून. सूरजनं कागदाची एक प्रत त्याला दिली आणि दिपालीच्या इंग्रजीचं कौतुक करून गेला.

नाचणी कापून झाली आणि माळावर सिमेंटचे खांब येऊन पडले. चार दिवसांत तार ओढली गेली. जैतू आणि दिपाली एसटीनं मुरबाडला वकीलबाईंकडे गेले. बाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं, की तीन पिढ्या कसत होतात, कूळ म्हणून हक्क सांगता आला असता. पण इथं तुम्हीच लिहून दिलंय की रान मालकाचं आहे, त्याच्या परवानगीनं तुमच्या ताब्यात आहे, आणि तो सांगेल तेव्हा तुम्ही सोडाल.

"पण पझेस म्हणजे मालकी असणं ना?" दिपालीनं विचारलं.

"घरात बोलताना चालतं तसं. कायद्यात ओन म्हणजे मालकी, पझेस म्हणजे नुसता ताबा. भाडेकरूसुद्धा घर पझेस करतो. आणि हे लीव म्हणजे रजा, परवानगी." बाईंनी कागद खाली ठेवला. "हे तुम्हाला वाचून कोणी दाखवलं?"

जैतू खुर्चीत जरा पुढं सरकला आणि म्हणाला, "मीच सही केली बाई. पोरीला नका बोलू."

बाईंनी अर्ज करून ठेवला, पण फार आशा धरू नका, असंही सांगितलं. परतीच्या एसटीत बाप खिडकीबाहेर बघत राहिला. तो एकदा जरी ओरडला असता, तरी तिला बरं वाटलं असतं.

जैतू आता दुसऱ्याच्या वीटभट्टीवर जातो. तारेच्या आत गवत गुडघाभर वाढलंय.

परवा पलीकडच्या पाड्यावरचा सुदाम आला. हातात तसाच कागद. दिपालीनं दारातूनच सांगितलं, "सुदामकाका, माझ्याकडे नको. मुरबाडला वकीलबाईंना दाखवा."

आतून जैतू म्हणाला, "वाच गो. तो लांबून आलाय."

"बाईला मंग दाखवीन," सुदाम म्हणाला. "आमच्या पाड्याच्या सह्या कालच झाल्या. काय लिवलंय तेवढं कळू दे."

दिपालीनं कागद घेतला. पझेसेस. विथ द लीव ऑफ द ओनर. या वेळी तिनं एकही शब्द चुकवला नाही. सावकाश, प्रत्येक ओळीचा अर्थ फोडून सांगितला. सुदामनं सगळं ऐकून घेतलं, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि ओट्यावर बसून राहिला. जैतूही येऊन त्याच्याशेजारी बसला. ठमीनं चहा ठेवला. दिपाली उभीच होती. अजून काहीतरी सांगावं असं तिला वाटत होतं, पण कागदात आणखी काही लिहिलेलंच नव्हतं.